लगाम काढलेली बुरशी

भोइट्यांच्या डेअरीत दही लागेनासं झालं तेव्हा सगळ्यांनी आधी दोष दिला तो दुधाला.

गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून टणक झाली, की डॉक्टर तिला प्रतिजैविकाची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नसतं. औषध दुधात उतरतं, आणि मग त्या दुधाला कितीही विरजण लावा, ते दूधच राहतं. दही ही शेवटी जिवंत जंतूंचीच करणी. कुणीतरी गुपचूप तसलं दूध घालतंय, अशी धैर्यशील भोइटेची खात्रीच झाली. त्याने एकेकाचा कॅन वेगळा ठेवला, तपासणीच्या पट्ट्या बुडवून पाहिल्या, दोघातिघांशी भांडणंही केली. पण एकाही पट्टीवर कुठल्याच औषधाचा रंग उमटला नाही. दूध स्वच्छ होतं आणि दही लागत नव्हतं.

दही आणि चक्का हा त्याच्या बायकोचा, स्वरूपाचा प्रांत. पाडव्याच्या श्रीखंडाच्या ऑर्डरी तोंडावर आलेल्या. तिने फलटणहून, माहेरून ताजं विरजण आणवलं. पहिल्या दिवशी ते जरासं धरलं, दुसऱ्या दिवशी पातळ झालं आणि तिसऱ्या दिवशी भांड्यात नुसतं कोमट दूध.

"मृणूला बोलव," ती नवऱ्याला म्हणाली. "जंतूंचंच काहीतरी आहे हे. तिला कळेल."

मृण्मयी ही धैर्यशीलची धाकटी बहीण. त्यांच्याच पाडळशी गावाच्या माळावर औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या वल्कल बायोफार्मा या औषध कंपनीत ती संशोधन विभागाची प्रमुख होती. रविवारी सकाळी ती आली. भावाने सगळं सांगितलं, पट्ट्या दाखवल्या. तिने पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या.

"या पट्ट्यांना जुनी औषधं कळतात," ती म्हणाली. "नवी नाही कळत."

"नवी म्हणजे?" धैर्यशीलने विचारलं.

"बघते. दोन बाटल्या दूध दे मला."

"अगं पण चहा तरी घे," स्वरूपा म्हणाली. मृण्मयीने चहा घेतला, पण तो कसा झालाय हे तिला कळलं नाही. तिच्या मनात एकच नाव आलं होतं, आणि ते खोटं ठरावं म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती.

ते नाव होतं उदुंबरिन.

तीन वर्षांपूर्वी स्वरूपाच्या मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला होता. साधा म्हणून सुरू झालेला ताप उतरेना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी एकामागून एक औषधं बदलली. प्रत्येक वेळी कल्चर रिपोर्ट यायचा आणि त्यात औषधांच्या नावांपुढे तेच लिहिलेलं असायचं: परिणाम नाही. जंतू सगळ्यांना पुरून उरले होते. आणि हे काही स्वरूपाच्या एकटीच्या नशिबी आलं नव्हतं. त्या काळात दर मोठ्या दवाखान्यात असे रुग्ण होते, ज्यांच्यासाठी कपाटात औषध उरलं नव्हतं.

मृण्मयी तेव्हा एका बुरशीवर काम करत होती. ओढ्याकाठच्या उंबराखाली सडलेल्या फळांवर तिला ती सापडली होती. राखाडी-हिरवी, दिसायला अगदी सामान्य. पण तिच्या आसपास जंतू फिरकत नसत. ती जे द्रव्य सोडायची त्याने भलेभले जंतू मरायचे. अडचण एकच होती. टाकी भरून बुरशी वाढवली तरी औषध मिळायचं चिमूटभर.

त्याला कारण होतं. औषध हे आपल्यासाठी औषध. बुरशीसाठी ते शस्त्र आहे. शस्त्र घडवायला पोटातलं अन्न खर्ची पडतं. म्हणून बुरशी ते जपून वापरते. औषध बनवणारी जनुकं तिच्या गुणसूत्रावर एका ओळीत शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि त्यांच्यावर एक राखणदार जनुक असतं. बुरशी उपाशी असेल, शेजारी शत्रू फार झाले असतील, तरच ते जनुक बाकीच्यांना कामाला लावतं. एरवी लगाम खेचून ठेवतं.

मृण्मयीने तो लगाम काढला. जनुकं कापायची कात्री एव्हाना प्रयोगशाळांत सरावाची झाली होती. तिने राखणदार जनुक कापून टाकलं, त्याच्या जागी सदा चालू राहणारी कळ बसवली आणि औषधाच्या जनुकांची ती सगळी ओळ आणखी चार ठिकाणी चिकटवून दिली. त्या बुरशीला आता दुसरं काही सुचतच नव्हतं. टाकीतलं गूळ-पाणी खायचं आणि उदुंबरिन ओतायचं. आधी चिमूट मिळायची तिथे आता घमेली भरायला लागली.

स्वरूपा ते औषध घेणाऱ्या पहिल्या रुग्णांपैकी एक. ताप उतरला, चेहऱ्यावर रंग आला, महिन्याभरात ती पुन्हा चक्का टांगायला लागली. धैर्यशीलने वल्कलच्या फाटकावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला होता. कारखान्याचा मोठा विभाग पाडळशीतच उभा राहावा म्हणून ग्रामसभेत सगळ्यात मोठ्याने बोलला तोही तोच.

आणि आता त्याच्याच डेअरीतल्या दुधाच्या थेंबाभोवती, मृण्मयीच्या काचेच्या बशीत, जंतू मेल्याचं स्वच्छ गोल वर्तुळ उमटलं होतं. मग यंत्रानेही द्रव्य ओळखलं. शंकेला जागा नव्हती.

ते दुधात आलं कुठून, हे शोधायला तिला आठवडा लागला. कारखान्याच्या सांडपाण्यात काही नव्हतं. विहिरींत नव्हतं. ते होतं कडब्यात. कडब्यावर, गोठ्यातल्या ओल्या पोत्यांवर, डेअरीच्या खिडकीच्या चौकटीवर, जिथे जिथे सांडलेलं दूध आणि ओल होती तिथे, एक राखाडी-हिरवी बुरशी वाढत होती. ती मृण्मयीच्या टाकीतली बुरशी नव्हती. माळावर पिढ्यान्‌पिढ्या उगवणारी, तिचीच रानटी चुलत बहीण होती. पण तिच्या पोटात मृण्मयीने बसवलेली जनुकं होती. लगाम नसलेली.

ती डॉ. पानसे यांच्या खोलीत गेली. पानसे कारखान्याचे प्रमुख. केस पांढरे झालेले, आवाज कधी न चढवणारे.

"सर, आपली बुरशी बाहेर जगू शकत नाही असं आपण म्हणत होतो."

"नाहीच जगू शकत. तिला लागणारं एक जीवनसत्त्व आपण टाकीत घालतो. ते मिळालं नाही की दोन दिवसांत मरते."

"दोन दिवस पुरले."

तिने सांगितलं. औषध गाळून घेतल्यावर टाकीत बुरशीच्या तंतूंचा ओल्या कापसासारखा गाळ उरायचा. तो वाफेवर शिजवून शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायचे. चाचण्या झाल्या होत्या, परवाने होते. पण हजारो खेपांतल्या एखाद्या खेपेत एखादा गोळा, बटाटा आतून कच्चा राहावा तसा, आतून जिवंत राहिला असणार. तो शेतात पडला. त्याचे तंतू मरायच्या आत तिथल्या रानटी बुरशीच्या तंतूंना भिडले. बुरशीचे तंतू भेटले की एकमेकांत मिसळतात, आतला ऐवज एक होतो. त्यातून जी निपजली तिला रानटी बहिणीची काटक प्रकृती मिळाली आणि आपली जनुकं.

"पण इतकं औषध बनवणं तिला परवडेल कसं?" पानसे म्हणाले. "रानात ती उपाशी मरेल."

"रानात मरेल. गोठ्यात नाही मरणार. जिथे पेंड आहे, गूळ आहे, सांडलेलं दूध आहे, तिथे अन्नाला तोटा नाही सर. तिथे भांडण फक्त जंतूंशी असतं. आणि ते भांडण ती जिंकते."

पानसेंनी फोन ओढून घेतला.

"मुंबईला कळवू या. दिल्लीलाही. आजच." नंबर फिरवता फिरवता ते म्हणाले, "तू घरच्यांना आधी सांग. त्यांना टीव्हीवरून कळायला नको."

तिने सांगितलं. डेअरीच्या ओट्यावर धैर्यशील पाणी मारत होता. त्याने नळ बंद केला नाही. पाणी तसंच वाहत राहिलं.

"म्हणजे तुझ्या औषधाने माझं दही मारलं," तो म्हणाला.

"हो."

"मग थांबव की. तू बनवलंस, तू थांबव."

"दादा, ती हवेत आहे आता. तिचे बीजाणू धुळीबरोबर उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. सगळे गोठे धुतले, सगळा कडबा जाळला, तरी ती कुणाच्या तरी पत्र्याच्या वळचणीला राहील."

"काहीतरी असेल ना तिला मारायचं?"

"बुरशी मारायची औषधं आहेत. ती शेतावर मारली तर मातीतली चांगली बुरशीही मरेल. तरी मारतील. बघशील तू."

तसंच झालं. पांढरे झगे घातलेली माणसं आली, आसपासच्या गावांतून फवारे फिरले, गोठे सील झाले. महिना गेला तोवर ती बुरशी माणगंगेच्या पलीकडे सापडली, मग थेट कर्नाटकात. सरकारने नेमलेल्या समितीपुढे मृण्मयीची साक्ष झाली. तिने काही लपवलं नाही. "या बुरशीवरचं सगळं काम बंद करावं," असं ती म्हणाली. "तिच्यात आणखी जनुकं झोपलेली आहेत. त्यांचे लगाम कुणी काढू नयेत. मीसुद्धा." समितीने तिचं म्हणणं मान्य केलं. टाक्या थंड पडल्या.

धैर्यशीलने डेअरीला कुलूप लावलं आणि बहिणीशी बोलणं सोडलं. नुसतं दूध विकून ते घर चालत नव्हतं असं नाही. पण गावात उठता-बसता लोक त्याला विचारायचे, "काय म्हणते बहीण?" जंतूंच्या जिवावर चालणारं सगळंच अडलं होतं: आंबोळ्यांचं पीठ फुगेना, गोबर गॅसच्या टाकीत गॅस धरेना, सोयाबीनच्या मुळावर गाठी दिसेनात. दर वेळी कुणीतरी त्याच्याकडे बघायचं. पेढे वाटणारा तोच होता.

स्वरूपा मात्र फोन करायची. नवरा बाहेर गेला की करायची.

"जेवलीस का? ... बरं. यांचं मनावर घेऊ नकोस. माणूस कुणावर तरी चिडायला लागतो."

"वहिनी, तुम्ही नाही चिडलात?"

"मी कशी चिडू? मी तर तुझ्यामुळेच इथं आहे." मग म्हणाली, "चिडते कधीकधी. भांडं उघडलं की चिडते."

त्या वर्षात एक विचित्र गोष्ट घडली. आसपासच्या दवाखान्यांत जखमा चिघळून येणाऱ्यांची संख्या घटली. पोरांचे घसे धरेनात. काही डॉक्टर म्हणाले, ही बुरशी म्हणजे वरदानच आहे, उगाच घाबरलो. एका वर्तमानपत्राने मृण्मयीचा फोटोही छापला. तिने तो पाहिला आणि घडी घालून ठेवून दिला. पुढे काय होणार ते तिला पाठ होतं.

औषध भरपूर आणि एकदम दिलं तर जंतू मरतात. तेच थोडं थोडं, सगळीकडे, सदासर्वकाळ असेल तर जंतू शिकतात. कोट्यवधींत एखादा असा निघतो की ज्याला त्या विषाचा त्रास कमी होतो. बाकीचे मरतात, याला मोकळं रान मिळतं. त्याची पिल्लं आणखी चिवट निघतात. आणि जंतू ही कला स्वतःपाशी ठेवत नाहीत. शेजाऱ्याला देतात, परक्या जातीच्या जंतूलाही देतात. आता प्रत्येक गोठा, प्रत्येक मोरी, प्रत्येक पेला ही त्यांची शाळा झाली होती. मृण्मयीला फक्त एवढंच माहीत नव्हतं, की त्या शाळेतून शिकून निघालेला पहिला जंतू कुणाच्या अंगात शिरणार.

पुढच्या वर्षी श्रावणात स्वरूपाला थंडी वाजून ताप आला. कमरेत तीच जुनी कळ. साताऱ्याच्या दवाखान्यात, तिला आधी ठेवलं होतं त्याच मजल्यावर ठेवलं. डॉक्टरांनी जपून ठेवलेल्या साठ्यातलं उदुंबरिन सुरू केलं. ताप हलला नाही. कल्चर रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो मृण्मयीच्या हातात दिला.

ती आत गेली तेव्हा स्वरूपा उशीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, पण वेणी नीट घातलेली.

"बस," ती म्हणाली. "खरं सांग. तुझं औषध चालत नाही ना?"

"नाही, वहिनी."

"सरावले ते त्याला?"

"हो."

स्वरूपाने मान हलवली, जणू तिचा आधीचाच अंदाज बरोबर निघाला होता. "दुसरं काही आहे?"

मृण्मयीला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "होऊ शकतं. त्याच बुरशीत दुसरी जनुकं आहेत. त्यांचं औषध मागे आम्ही थोडंसं काढलं होतं. माणसांवर तपासूनही झालं होतं, धोका काही नव्हता. पण इतकं कमी मिळायचं की कंपनीने नाद सोडला. त्याने हे नवे जंतू मरतात, मी बशीत बघितलंय."

"मग?"

"पुरेसं हवं असेल तर पुन्हा लगाम काढावा लागेल. पुन्हा तशीच बुरशी बनवावी लागेल. आणि ते सगळं आता बंद आहे. मीच बंद करायला लावलं."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं.

"मी आता म्हणायला पाहिजे, नाही का," स्वरूपा म्हणाली, "की माझ्या एकटीसाठी जगाचं वाटोळं नको करूस. सकाळपासून म्हणून बघतेय मनात. नाही गं म्हणता येत." तिने मृण्मयीचा हात धरला. तिचा तळवा तापलेल्या तव्यासारखा होता. "मला जगायचंय, मृणू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धैर्यशील बहिणीच्या दारात उभा होता. वर्षभराने. त्याने चपला काढल्या नाहीत, आत आला नाही.

"ती म्हणाली, तुला करता येतं काहीतरी."

"येतं. पण दादा, परत तेच होईल. आज नाही तर पाच वर्षांनी. कुणाच्या तरी..."

"पाच वर्षांचं पाच वर्षांनी बघू," तो म्हणाला. "मी तुला काय काय बोललो ते सगळं परत घेतो. पाया पडू का?"

"दादा!"

तो खरंच वाकला होता. तिने त्याचे खांदे धरून त्याला उभं केलं. लहानपणी त्याच खांद्यावर बसून तिने गावातल्या यात्रा पाहिल्या होत्या.

मृण्मयीने परवानगी मागितली. समितीची बैठक संगणकाच्या पडद्यावरच झाली. असे रुग्ण आता इतर जिल्ह्यांतूनही येत होते, त्यामुळे कुणाला फार समजावावं लागलं नाही. समितीतल्या एका वयस्क बाईंनी, डॉ. सावनूरांनी, तेवढं विचारलं, "गेल्या वर्षी याच समितीपुढे तुम्ही म्हणाला होतात की हे कुणी करू नये. मीसुद्धा करू नये, असे तुमचे शब्द होते."

"हो."

"मत बदललं?"

"नाही," मृण्मयी म्हणाली. "मत तेच आहे."

सावनूरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि परवानगीला होकार दिला.

मग काम सुरू झालं. कात्री तीच, हातही तेच. या वेळी गाळ बाहेर जाणार नव्हता. तो कारखान्यातच जाळायचा होता. हवा दुहेरी गाळण्यांतून जाणार होती. बाहेर जगता येऊ नये म्हणून बुरशीला एका नाही, तीन ठिकाणी पंगू केलं होतं. पानसे स्वतः प्रत्येक झडप तपासत फिरत होते. त्यांच्या मागोमाग मृण्मयीही. दोघांनाही माहीत होतं की माणसाने बांधलेल्या कुंपणाला कुठेतरी फट राहते, आणि बुरशीला वेळच वेळ असतो.

माणसाला तो नसतो. लगाम कापणं एका दुपारचं काम होतं, पण कापल्यानंतर तंतू वाढायचे ते त्यांच्याच चालीने. बशीतून बाटलीत, बाटलीतून छोट्या टाकीत, तिथून मोठ्या टाकीत. त्यांना कुणाची घाई कळत नव्हती. मृण्मयी काचेतून फेस बघत बसायची. दवाखान्यातून बातम्या यायच्या: मूत्रपिंडं थकली, डायलिसिस सुरू केलं, आज डोळे उघडले, आज ओळखलं नाही. एकदा स्वरूपाचाच फोन आला. तिला बोलवत नव्हतं. "झालं का?" एवढंच विचारलं. मृण्मयी म्हणाली, "होतंय, वहिनी. थोडं थांबा." हे वाक्य तिने उच्चारलं आणि तिला स्वतःच्या आवाजाची चीड आली. थांबणं काय स्वरूपाच्या हातात होतं?

मोठी टाकी निम्मी भरली होती तेव्हा, भर दुपारी, धैर्यशीलचा फोन आला.

"मृणू," तो म्हणाला. "राहू दे आता."

ती उठली आणि टाकीपाशी गेली. टाकीच्या बाजूला वाफेची झडप होती. ती फिरवली की कढत वाफ आत शिरते आणि काही मिनिटांत सगळं शिजून मरतं. तिने झडपेवर हात ठेवला. पानसे दारात होते. त्यांना फोन आधीच आला असावा.

"मी अडवणार नाही," ते म्हणाले.

"जिच्यासाठी केलं ती गेली, सर."

"हो."

"मग हे कशाला जिवंत ठेवायचं?"

पानसे जवळ आले नाहीत. "सोलापूरला एक बाळंतीण आहे. तिचा नवरा सकाळपासून फाटकावर बसलाय. त्याला कुणी सांगितलं इथे औषध होतंय म्हणून, देव जाणे. तू झडप फिरव. पण मग त्याच्याशी जाऊन तूच बोल. मला नाही जमायचं."

मृण्मयी तशीच उभी राहिली. धातू गरम होता, हाताला चटका बसत होता. फाटकावरचा माणूस इथून दिसत नव्हता. तरी तिला तो दिसला. तिने हात काढून घेतला आणि तिथेच जमिनीवर बसली. तेव्हा कुठे तिला रडू आलं.

दिवस घालायच्या विधीला ती गावी राहिली. कुणी तिला काही बोललं नाही. बायकांनी ताटं वाढली, तिनेही वाढली. सगळं उरकल्यावर धैर्यशीलने जीप काढली.

"चल, सोडतो तुला."

कारखान्याच्या फाटकाशी त्याने जीप थांबवली. फाटकाबाहेर आता बरीच माणसं होती. कुणी डबे उघडून जेवत होती, कुणी सावलीत आडवी झाली होती. बाळंतिणीचा नवरा कुठला ते मृण्मयीला कळलं नाही.

"ही पण बाहेर पडेल?" धैर्यशीलने विचारलं.

"आम्ही सगळं जाळतोय. हवासुद्धा गाळतोय."

"ते नाही विचारलं मी."

"पडेल, दादा. कधीतरी पडेल."

"आणि मग जंतू हिच्या औषधाला पण सरावतील."

"हो."

"मग परत नवं काढायचं."

"उरलेलं असलं तर."

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मृण्मयीला वाटलं, तो आता काहीतरी बोलेल. शिव्या देईल, नाहीतर नको करूस म्हणेल. कुणीतरी नको म्हणावं असं तिला फार वाटत होतं. पण तो मान वर करून समोरच्या माणसांकडे बघत राहिला.

"जा," तो म्हणाला. "ताटकळलेत ते."

ती खाली उतरली. माणसांनी तिला वाट करून दिली. कुणीतरी नमस्कारही केला. आत जाऊन तिने अंगभर झगा चढवला, डोकं झाकलं, दोन दारं ओलांडून टाकीपाशी गेली आणि नळीतून नमुना काढला. यंत्रावर औषधाचा आकडा उमटायला थोडा वेळ लागला. पानसे तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

तिने बाजूला सरून त्यांना आकडा दाखवला. इतका भरघोस उतारा तिने आजवर कुठल्याच बुरशीत पाहिला नव्हता.